बाबांच्या पाटीवरचं वाक्य

ठमीचे बाबा सकाळी सकाळी "भट्टी बंद करा" म्हणाले, आणि तिथून सगळं बिनसलं.

म्हणाले म्हणजे तोंडाने नव्हे. झटका आल्यापासून तोंड बंदच होतं. जन्मभर शाळेत पीटी शिकवलेला माणूस. मैदानाच्या एका टोकाला उभं राहून नुसतं "गुडघा वर" म्हटलं, की दुसऱ्या टोकाच्या पोराचा गुडघा आपोआप वर जायचा. असा तो आवाज. आता उजवं अंग गेलं, वाचा गेली, आणि उरला एक डावा हात, तोही थरथरणारा. त्या हाताखाली एक टॅबलेट ठेवलेला असायचा आणि त्यावरचा प्रोग्राम ठमीने स्वतः लिहिलेला होता. पुनर्वसन केंद्रात सगळे त्याला पाटीच म्हणायचे. पाटीवर वरच्या बाजूला चित्रं: पाणी, उशी, खिडकी. खालच्या बाजूला अक्षरं. थेरपिस्ट बाईंबरोबर बसून अक्षराला अक्षर जोडत एखादं वाक्य तयार केलं, की पाटी ते लक्षात ठेवायची आणि मोठ्या बटणावर आणून ठेवायची; आधीची वाक्यं शेजारच्या छोट्या बटणांवर सरकायची. पुढच्या वेळी बटणावर नुसती थाप मारायची, पाटी बोलायची.

"भट्टी बंद करा," पाटी बोलली.

पलंगाशी धाकटा भाऊ बाबांची पिशवी भरत होता. त्याने हातातला टॉवेल तसाच धरून ठेवला. "कुठली भट्टी, बाबा? तुमच्या शाळेत भट्टी होती का?"

बाबांनी पुन्हा थाप मारली. पुन्हा भट्टी. तिसऱ्यांदा इतक्या जोरात मारली की टॅबलेट मांडीवरून घसरला.

"ताई, तुला वाईट वाटावं म्हणून नाही बोलत मी," धाकटा हळू आवाजात म्हणाला, "पण डॉक्टर म्हणत होते ते काही खोटं नाही. डोकंही बिघडत चाललंय आता. तू एकटी कुठे पुरी पडणार आहेस?"

ठमीने टॅबलेट उचलून पुन्हा बाबांच्या मांडीवर ठेवला. दुपारी गाडी येणार होती. बाबांना घेऊन जाणार होती ती धाकट्याच्या शहरातल्या एका संस्थेत, जिथे असे आजारी लोक कायमचे सांभाळतात. दिवसभराचा रस्ता. तिथून बाबा परत येणार नव्हते, हे तिलाही कळत होतं आणि त्यालाही.

आणि यात धाकट्याचा काही दोष नव्हता बरं का. उगाच त्याच्या नावाने खडे फोडायला नकोत. बाबांनीच सांगितलं होतं. "घरी नेऊ नका." पाटीवर, स्वच्छ, आणि एकदा नाही, येता जाता. ठमीने इकडे न्हाणीघरात भिंतीला धरायचे दांडे बसवून घेतले होते, खोलीचा उंबरा काढून टाकला होता, पलंग खिडकीला लावला होता, आणि ऑफिसातून अर्ध्या वेळेची परवानगी काढली होती. एवढं सगळं करून ती सांगायला आली, तर बाबांनी थाप मारली आणि पाटी म्हणाली, घरी नेऊ नका. आपलं काय चुकलं, हे ती किती दिवस शोधत होती.

तग धरला तो दुसऱ्या एका वाक्यावर. कधी कधी ती खोलीत शिरायची, बाबा थाप मारायचे आणि पाटी म्हणायची, "तू आलीस की बरं वाटतं." ती वर्गात पहिली आली तेव्हा "पाठ वाकवून बसतेस" एवढंच म्हणालेले हे बाबा. लग्नाला नाही म्हणाली तेव्हा आठवडाभर न बोललेले हे बाबा. आजारपणाने माणूस मऊ होतो म्हणतात, तसं झालं असेल, असं तिने मनाशी ठरवून टाकलं. रोज संध्याकाळी घरी जाताना ते वाक्य ती मनात घोळवत जायची. दुसरं होतं काय तिच्याकडे?

पण भट्टी?

डोकं बिघडत चाललंय, म्हणाला धाकटा. ठमीने बाबांच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते डोळे भ्रमिष्टाचे नव्हते. ते संतापलेले होते. दोन्हींतला फरक ज्याने पीटीच्या तासाला या माणसाकडून शिक्षा खाल्ली त्याला कुणी शिकवायला नको, आणि ठमी त्याच शाळेत शिकली होती.

तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून आवाज आला. बेकरीवाले काका तिथे होते. त्यांनाही झटकाच आलेला, पण हात जरा बरा. त्यांच्या खोलीतला टीव्ही आयाबाईंनी बंद केला होता आणि काका घशातून जेवढा निघेल तेवढा आवाज काढून निषेध करत होते.

"अहो, तुम्हीच म्हणालात ना टीव्ही बंद?" आयाबाई वैतागून म्हणत होत्या. "रोजचंच झालंय यांचं. बंद करा म्हणतात, आणि केला की भांडतात."

टीव्ही बंद. आवाज ऐकून दाराशी आलेली ठमी थबकली. टीव्ही बंद हे बाबांचं वाक्य होतं. अगदी पहिलं. बाबांना टीव्हीचा मनस्वी तिटकारा, आणि हे वाक्य त्यांनी जुळवलं तेव्हा ती शेजारी बसलेली होती.

बेकरी. भट्टी.

ती धाकट्याला एवढंच म्हणाली, "गाडी आली तरी बाबांना हलवू नकोस. मी आलेच." आणि लॅपटॉप उचलून थेरपीच्या खोलीकडे जवळजवळ पळत गेली.

थेरपिस्ट बाई एका मुलीला फुगा फुगवायला शिकवत होत्या. त्यांनी कोपऱ्यातलं टेबल हातानेच दाखवलं. ठमी बसली आणि प्रोग्राम उघडला. माणूस आपल्या हातून चूक होऊ नये म्हणून देव पाण्यात घालून बसतो. ठमी आपलीच चूक निघू दे म्हणून बसली होती. चूक निघाली, तर "घरी नेऊ नका" हे बाबांचं नव्हतं. चूक नाही निघाली, तर बाबांना खरंच तिच्याबरोबर राहायचं नव्हतं आणि डोकंही बिघडलं होतं. मधला रस्ता नव्हता.

केंद्राच्या एकाच संगणकावर तिचा प्रोग्राम दिवसरात्र चालू असायचा आणि सगळ्यांच्या पाट्या त्यालाच जोडलेल्या होत्या. सुरुवातीला एकटे बाबाच होते. मग थेरपिस्ट बाईंना पाटी आवडली, त्यांनी बेकरीवाल्या काकांनाही एक दिली. त्या वेळी ठमीने सगळं तपासून घेतलं होतं. काकांच्या पाटीवर काकांचं नाव, बाबांच्या पाटीवर बाबांचं. बाबांची नजर अधू म्हणून त्यांची अक्षरं मोठी केली, तर काकांची होती तेवढीच राहिली. म्हणजे प्रत्येकाचं प्रत्येकापाशी. झालं, असं म्हणून ती निर्धास्त झाली होती.

आता तेच पुन्हा वाचू लागली. वर क्लास होता, रुग्ण नावाचा. क्लास म्हणजे साचा. त्याच्यावरून बाबांचा एक रुग्ण तयार झालेला, काकांचा दुसरा. साच्याच्या अगदी वरच्या ओळींत, कुठल्याही फंक्शनच्या बाहेर, तिने दोन गोष्टी लिहून ठेवल्या होत्या: अक्षरांचा आकार आणि वाक्यांची एक रिकामी लिस्ट, म्हणजे यादी. पायथनमध्ये, म्हणजे प्रोग्राम ज्या भाषेत लिहिला होता तिच्यात, असं वर लिहिलेलं सगळं साच्याच्या मालकीचं, सगळ्यांत मिळून एक. हे तिला माहीत नव्हतं का? होतं की. पण बाबांचा आकार बदलला तेव्हा फक्त बाबांचा बदलला, काकांचा नाही. म्हणून तिची नजर त्या दोन ओळींवरून गेली, पुढे गेली, फिरून आली, पुन्हा पुढे गेली. सेल्फ, म्हणजे 'स्वतःचं', हा शब्द लावला की ज्याचं त्याचं होतं, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. खाली सगळीकडे सेल्फ होतंच. ती फाइल साठवण्याचा भाग वाचून आली, आवाजाचा भाग वाचून आली, टॅबलेट जोडण्याचा भाग दोनदा वाचला. काहीही सापडेना.

धाकट्याचा फोन आला. "ताई, गाडी आलीय. ड्रायव्हर थांबायला तयार आहे, पण फार वेळ नाही."

"थांबव त्याला. चहा पाज. काहीही कर."

"तू शोधतेयस काय एवढं?"

"माझी चूक," म्हणाली आणि फोन ठेवला. हाताशी काहीच लागत नव्हतं आणि बाहेर गाडी उभी होती. शेवटी तिने वाचणं सोडलं. एक कोरी विंडो उघडली आणि पोरखेळ वाटेल असं केलं. दोन खोटे रुग्ण तयार केले, एकाचं नाव अ, दुसऱ्याचं ब. अ ला एक वाक्य शिकवलं: मी अ आहे. आणि ब ला विचारलं, तुझी वाक्यं कोणती?

ब म्हणाला, मी अ आहे.

ती खुर्चीतच मागे रेलली. सापडलं होतं. इतकं समोर होतं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

हॉस्टेलच्या न्हाणीघरात एक साबण ठेवलेला असतो ना, सगळ्यांसाठी, तसं ते होतं. तुम्ही आपला वेगळा साबण आणलात तर तो तुमचा, दुसऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही. पण आहे तोच उचलून घासलात, तर झिजतो तो सगळ्यांचाच, मग तोंडाने कितीही माझा साबण, माझा साबण म्हणा. अक्षरांचा आकार तिने नवा लिहून दिला होता: सेल्फचा आकार बरोबर अमुक. तिथे बाबांना त्यांचा स्वतःचा मिळाला. पण वाक्यं तिने कधी नवी दिलीच नव्हती. असलेल्या लिस्टमध्ये नुसतं एक एक वाक्य मागे जोडत गेली होती, अपेंड, अपेंड. बाबांना स्वतःची लिस्ट नव्हतीच. काकांनाही नव्हती. पाटीने बाबांपाशी शोधलं, नाही सापडलं, म्हणून वर साच्यात गेली आणि तिथली एकुलती एक लिस्ट उचलून आणली. तिच्यात जे शेवटी पडेल ते दोघांच्याही मोठ्या बटणावर, आधीची दोघांच्याही छोट्या बटणांवर.

एकटे बाबा होते तोवर कुणाला कळणार होतं?

"सापडलं," ती मोठ्याने म्हणाली. थेरपिस्ट बाई फुगा सोडून उठून आल्या. ठमीने त्यांना धावत्या शब्दांत सांगितलं. हसत होती आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. "घरी नेऊ नका हे बाबांचं नाहीच. बाबांनी म्हटलंच नाही ते."

बाई खाली बसल्या. "अगं बाई, ते तर काकांचं. त्यांचं घर बेकरीच्या वरती आहे, खालचा धंदा दुसऱ्याच्या हातात गेलेला बघवत नाही म्हणून." मग त्यांनी कपाळाला हात लावला. "मी जुळवून घेतलीत गं ती वाक्यं त्यांच्याकडून. मला वाटायचं, बाबांचीही तू त्यांच्यापाशी बसून घेत असशील. पंधरा दिवसांत त्यांनी माझ्यापाशी एक अक्षर नाही जुळवलं. पाटी ढकलून द्यायचे. म्हटलं, लेकीपाशी बोलतात, आपल्याशी नाही, असू दे."

"मी नाही घेतली. मला वाटलं तुम्ही घेताय."

"म्हणजे मग सगळीच काकांची." बाई सरळ मनाने मोजत होत्या, त्यांच्या ध्यानातही नव्हतं. "भट्टीचं काकांचं. घरी नेऊ नका काकांचं. तू आलीस की बरं वाटतं, तेही त्यांचंच, सुनेसाठी केलेलं. अर्धी सकाळ गेली होती त्या एका वाक्यात. सून रडली होती बिचारी."

ठमीचं हसू तिथल्या तिथे गोठलं.

बाई मुलीकडे परत गेल्या. ठमी स्क्रीनकडे बघत राहिली. एवढा वेळ ती एका वाक्याला मारायला धावत होती, आणि दुसरंही त्याच दोरीला बांधलेलं आहे हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. तिला रडूही येईना. पंधरा दिवस रोज संध्याकाळी जे घेऊन ती घरी जात होती, ते दुसऱ्या माणसाने दुसऱ्या बाईला दिलेलं होतं.

दुरुस्ती एका ओळीची होती. वाक्यांची लिस्ट साच्यातून काढायची आणि रुग्ण तयार होताना प्रत्येकाला आपापली, नवी, रिकामी द्यायची. तिने केली. जुनी वाक्यं ज्याची त्याला वाटून देणं तेवढं उरलं. काकांची काकांना दिली. टीव्ही बंद बाबांना दिलं. आणि मग बाबांच्या लिस्टमध्ये, कुणी बघत नाही ना हे वळून बघून, तिने आणखी एक वाक्य टाकलं: तू आलीस की बरं वाटतं.

का टाकलं? आता तिला शहाणपण शिकवायला आपलं काय जातं. दारात गाडी होती. या एका वाक्यावर धाकटा विरघळला असता. तिने 'घरी नेऊ नका' हे वाक्य खोटं ठरवलं, एवढ्याने तो मानणार नव्हता. पण बाबा थाप मारून असं म्हणाले तर त्याला बोलायला जागा राहिली नसती. हे तिने स्वतःला सांगितलेलं कारण. खरं कारण असं, की तिला ते वाक्य सोडवेना.

खोलीत धाकटा होता, ड्रायव्हर दाराबाहेर. बाबांना चाकांच्या खुर्चीत बसवून झालं होतं. ठमीने पाटी त्यांच्या मांडीवर ठेवली.

"अरे, प्रोग्राममध्ये चूक होती," ती म्हणाली. "काकांची वाक्यं बाबांच्या पाटीवर येत होती. भट्टी काकांची. घरी नेऊ नकाही काकांचंच. आता बरोबर केलंय. आता जे बोलतील ते बाबांचं."

धाकटा तिच्याकडे, मग बाबांकडे बघत राहिला. "खरं सांगतेस?"

बाबांनी पाटीकडे पाहिलं. मोठं बटण पाहिलं. हात उचलला आणि थाप मारली.

"तू आलीस की बरं वाटतं."

धाकट्याचा चेहरा हलला. "बाबा," म्हणाला तो.

बाबांनी पुन्हा थाप मारली. पुन्हा. तू आलीस की. तू आलीस की बरं. तू आलीस. पाटीला वाक्य पुरं करायला मिळेना इतक्या भराभर, हाताच्या पंजाने, मग मुठीने. धाकटा डोळे पुसत म्हणत होता, "बघ ताई, किती जीव आहे यांचा तुझ्यावर." आणि ठमीला बाबांचा चेहरा दिसत होता. मैदानावर एखादं पोर तोंडावर खोटं बोललं की व्हायचा, तो चेहरा. बाबा ते वाक्य बोलत नव्हते. ते पुसायला बघत होते. पंधरा दिवस ते तेच करत आले होते. आपल्या मांडीवर बसून कुणी भलताच आपल्या नावाने बोलतोय, पोराबाळांना काय वाटेल ते सांगतोय, आणि आपल्याला नाही म्हणायला तोंड नाही. म्हणून थाप. पाटी गप्प व्हावी म्हणून थाप. प्रत्येक थापेला ती पुन्हा बोलायची.

ठमीच्या मनात आलं: आपण रडत बसलो होतो, आणि हा माणूस कुठल्या विहिरीत पडून हाका मारत होता.

ती खुर्चीसमोर खाली बसली, बाबांचा हात धरून थांबवला. "हेही तुमचं नाही," म्हणाली. "हे मी आत्ता घातलं. मुद्दाम घातलं. चुकलं माझं, बाबा."

"ताई?" धाकटा म्हणाला.

"थांब जरा."

तिने मांडीवर लॅपटॉप घेऊन ते वाक्य काढून टाकलं. टीव्ही बंद तेवढं राहिलं. मोठं बटण रिकामं केलं, आणि अक्षरं वर आणली. बाबा बघत होते. मग त्यांचं बोट निघालं, थरथरत, एका अक्षरावरून घसरून शेजारच्यावर, पुन्हा मागे. मी. कुणी मदत केली नाही. ड्रायव्हर दारात येऊन उभा राहिला होता. बो. पुढच्या अक्षराला हात थकून खाली पडला, त्यांनी तो पुन्हा उचलला. घाम फुटला होता त्यांना. धाकटा अक्षरं ओठांतल्या ओठांत जुळवत होता.

"मी बोललो नाही," पाटी म्हणाली.

धाकट्याने पिशवी खाली ठेवली. "हो बाबा," तो म्हणाला. "चूक झाली आमची." मग ड्रायव्हरकडे वळून म्हणाला, "दादा, तुम्ही जा. यांना कुठे जायचंय ते अजून यांनी सांगितलेलं नाही."

बाबांनी मोठ्या बटणाकडे पाहिलं. तिथे आता त्यांचं वाक्य आलं होतं. त्यांनी मान वळवून ठमीकडे पाहिलं, तिच्यावरची नजर न काढता हात ठेवला, आणि या वेळी थाप हळू होती.

"मी बोललो नाही."

"माहीत आहे, बाबा," ठमी म्हणाली. "बरं वाटतं, तेही नाही."